वांझ फुलं

सर्दी झाली की माझी सून निलगिरीच्या तेलाची बाटली घेऊन येते, आणि मी ती तिच्या हातातून घेऊन गॅलरीच्या कठड्यावर ठेवून देते. आजीला तो वास आवडत नाही, असं नातवंडांना सांगून ठेवलंय. आवडीनिवडीची गोष्ट नाही ती. त्या वासानं माझं डोकं फिरतं, आणि सत्तरी गाठत आली तरी ते फिरायचं थांबलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीतली दोन भली माणसं मला वृक्षारोपणाला पाहुणी म्हणून बोलवायला आली. जागा कुठली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "गावाबाहेर पडीक जमीन आहे मॅडम, नुसतं गवत माजलंय." त्या 'नुसतं'वर मी त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. चहा द्यायला हवा होता, हे मला नंतर वाटलं. पण त्यांच्या मांडवात मला माईक दिला असता तर मी याहून वाईट वागले असते. तेव्हा हे प्रकरण त्या दोघांसाठी लिहिते आहे असं समजायला हरकत नाही.

आमचं घर वडप्याला, हमरस्त्यापासून बरंच आत. घरात बाबा, आई, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा दादा, त्याची बायको हिरावहिनी आणि मी. भाताची खाचरं खालच्या अंगाला, आणि घरामागे चढणीवर आमची वरकस. वरकस म्हणजे हलकी, मुरमाड जमीन. तिथे भात होत नाही. एक साल नाचणी, दुसऱ्या साली वरी, तिसऱ्या साली तेलासाठी खुरासणी, आणि मग दोन-तीन सालं काहीच नाही. त्याला आमच्याकडे 'पड ठेवणं' म्हणत. दमलेल्या माणसाला आपण 'जरा पड' म्हणतो ना, तोच शब्द. तुकडे आळीपाळीनं पडायचे आणि आळीपाळीनं उठायचे. पडलेल्या तुकड्यावर गवत कमरेला लागायचं, त्यात तेरडा, कुर्डू आणि ज्यांची नावं मला आजही ठाऊक नाहीत अशी बारीक फुलं. कडेला करवंदीच्या जाळ्या. गुरं तिथेच चरायची. भाद्रपदाच्या शेवटी खुरासणी पिवळी झाली की मागच्या दारात उभं राहूनसुद्धा माश्यांची घूं ऐकू यायची. सकाळी भाकऱ्या थापताना ती आईच्या बांगड्यांच्या आवाजामागे सतत असायची. आम्हाला तो आवाज म्हणून वेगळा कधी जाणवलाच नाही. घरात माणसं असतात, तसा तो होता.

मला तो ऐकायला शिकवलं हिरावहिनीनं. ती दापोड्याची. मी पाचवीत असताना ती आमच्याकडे आली. अंगानं उंच, हसणं सात घरांना ऐकू जाणारं. आईला ते हसणं पहिल्या दिवसापासून खुपलं. गवत कापायला गेलो की वहिनी विळा बाजूला ठेवून खाली बसायची आणि मला हाक मारायची. "मंदे, ये गो हिकडं. ह्यो शेनाचा किडा बग, गोली घेऊन उलटा चाललाय. तोंड माह्याराकडं न पाय सासराकडं." नाकतोडे, चतुर, हिरव्या पाठीची सोनपाखरं, कुर्डूच्या तुऱ्यावरची इवली निळी फुलपाखरं, जाळीत तळहाताएवढं पोळं करणाऱ्या फुलोरी माश्या, हे सगळं तिनं मला दाखवलं. ती शाळेत चौथीपर्यंत गेली होती. मी पुढे तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण तिच्याइतकं नीट बघणारी मुलगी माझ्या वर्गात क्वचितच आली.

आईचा जीव भोपळ्याच्या वेलांत. उकिरड्याच्या कडेला ती आळं करायची आणि वेल गोठ्यावर चढवायची. पितृपक्षात आमच्या आळीत भोपळा विकत आणायची पद्धतच नव्हती, सगळे आमच्याकडून न्यायचे. आई कुणाला नाही म्हणायची नाही आणि कुणाला निवडूही द्यायची नाही. कुठला भोपळा कुणाचा, हे ती वेलावर असतानाच ठरवून ठेवायची. घरी घारगे व्हायचे, तांदळाच्या पिठाचे, गूळ जरा जास्तच घातलेले. आणि त्याआधी महिनाभर फुलांची भजी. भोपळ्याला दोन तऱ्हेची फुलं येतात. एकाखाली लिंबाएवढी हिरवी गाठ असते, तिचाच भोपळा होतो. दुसऱ्याचा देठ लांब, बारीक, आणि खाली काहीच नाही. ती फुलं आई सकाळी तोडायची. "ही वांझ," म्हणायची, आणि टोपलीत टाकायची. माझी आजी तसंच म्हणत असे, सगळी आळी तसंच म्हणे. मीही तोच शब्द वापरून ती भजी मागून खाल्ली आहेत. वहिनीच्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तेव्हा तो शब्द टोपलीतून उठून माणसात यायला लागला, आधी शेजारणींच्या, मग आईच्या तोंडून. वहिनी भजी तळत असायची आणि आई ओटीवरून म्हणायची, "वांझ फुलं संपली का गो?" फुलांबद्दल विचारतेय की आणखी कशाबद्दल, हे वहिनीला कळत होतं. तिचं हसणं हळूहळू दोन घरांपुरतं उरलं.

सरकारी रोपं वाटणारा झाडांचा साहेब आला त्या वर्षी वरकसचे दोन तुकडे पडलेले होते आणि तिसऱ्यात खुरासणी कापून झाली होती. जीप रस्त्यावर ठेवून तो चालत वर आला. पायाला कुसळं लागली म्हणून वैतागलेला. त्यानं हातातला कागद उघडला आणि बाबांना विचारलं, "या जमिनीत काय आहे?"

"काय न्हाय सायेब. पड हाय."

"पडीक?"

"हा. पड."

एवढंच बोलणं झालं. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होते. बाबांनी हो म्हटलं, कारण त्यांच्या कानाला दोन्ही शब्द एकच वाटले. त्या माणसाच्या कागदात मात्र पडीक म्हणजे वाया गेलेली, कुणाच्या उपयोगाची नसलेली. विश्रांतीला आडवं झालेल्या माणसाला मेलेला म्हणून लिहावं, तसं त्यानं लिहिलं. झाडं फुकट मिळणार होती. निलगिरी. नांगरायला नको, पेरायला नको, पाच-सहा सालांत वासे उभे. दादा भिवंडीत कापडाच्या लूमवर होता, शेतातून सुटायला त्याला कारणच हवं होतं. वहिनी एकटीच बोलली. "मंग खुरासनी कुठं पेरायची? नि गुरा कुठं चरायची?" दादा म्हणाला, "तेल दुकानात मिलतं. तू गप." बाबा भाबडेपणानं म्हणाले, "झाडं आली म्हंजे पाखरं येतील, सावली येईल." बाबांवर मी आयुष्यभर रागावले आहे, पण त्या वाक्यासाठी रागवता येत नाही. झाड म्हणजे चांगलंच, असं आपण सगळ्यांनी त्यांना शिकवलेलं होतं.

काळ्या पिशव्यांतली रोपं आली. ओळी सरळ याव्यात म्हणून करवंदीच्या जाळ्या तोडल्या आणि तिथेच जाळल्या. वहिनी धावत गेली आणि एका जाळीतलं फुलोरीचं पोळं फांदीसकट बाहेर काढून बांधावरच्या आंब्याला टांगून आली. हात सुजून टम्म झाला. चार दिवसांनी पोळं रिकामं होतं. पुढच्या दोन सालांत निलगिरी माझ्या डोक्यावरून गेली. खाली वाळल्या पानांचा खच, गवत नाही. गवत नाही म्हणून तिथे गुरं नाहीत, ती गोठ्यातच बांधलेली, म्हणून वर शेण नाही, आणि ते उलट्या पायांनी जाणारे किडेही नाहीत. अगदीच काही नव्हतं असं म्हणत नाही. वाळवी आली, मुंगळे आले. पुढे मोठ्या निलगिरीला फुलं येतात आणि त्यांवर माश्याही येतात, असं मी नंतर वाचलं, आणि ते खरंही असेल. पण आमचा भोपळा तितकी वर्षं वाट बघत थांबणार नव्हता.

एका सकाळी वहिनी मागच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आपली वरकस मुकी झाली गो, मंदे." मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसले होते. मान वर करून ऐकलं. भाद्रपद होता, ऊन पडलं होतं, आणि खरंच काही ऐकू येत नव्हतं. पानं सळसळत होती तेवढंच. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्हाला काय कामं न्हाईत का?" त्याच्या कानांत दिवसभर लूमची खटखट असायची, घरी आला तरी तो ओरडूनच बोलायचा. त्याला मुकं काय आणि बोलतं काय. पण मी तरी काय केलं? मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

त्याच साली भोपळे गळायला लागले. वेल गोठाभर पसरलेला, पानं सुपाएवढी, फुलंही भरपूर. पण खालची हिरवी गाठ दोन-चार दिवसांत पिवळी पडायची आणि टपकन खाली यायची. आईनं राख टाकली, ताक ओतलं, वेलाला मीठमिरची उतरून टाकली. मग तिला वाटलं, वांझ फुलं वेलाची ताकद खातात. म्हणून ती रोज पहाटे उठून एकूण एक वांझ फूल खुडायला लागली. त्या वर्षी आम्ही जन्मात खाल्ली नव्हती एवढी भजी खाल्ली. भोपळा मात्र एकही धरला नाही. पितृपक्षात बायका रिकाम्या पिशव्या घेऊन आल्या आणि रिकाम्याच गेल्या, आणि त्यातल्या एकीनं दारातून जाता जाता आईला विचारलं, "वेलाला हात कोनाचा लागतो गो?"

आई वाईट नव्हती, हे मला सारखं सांगावंसं वाटतं, आणि सांगताना मला तिचा संतापही येतो. त्या दिवसापासून वहिनीला गोठ्याकडे जायची बंदी झाली. शेण काढायला मी. पाणी घालायला मी. वहिनीची सावली वेलावर पडू नये म्हणून तिनं आंघोळीलाही फेऱ्यानं जायचं. दिवाळी झाली आणि आईनं दादाला सांगितलं, तिला चार दिवस माहेरी सोड. चार दिवसांचे चार महिने झाले, तरी तिला आणायला कुणी गेलं नाही. जाताना वहिनीनं ट्रंक नेली नाही, एक गाठोडं घेतलं. दारात मला म्हणाली, "मी हात न्हाय लावला गो कदी. दुरून बगायची फक्त." मला माहीत होतं. मी तसं घरात कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या साली मी मॅट्रिकच्या वर्गात, भिवंडीच्या शाळेत. विज्ञान शिकवायला शेख सर होते, खाडीकाठच्या गावचे, घरी शेती असलेले. रागावले की मराठी, माया आली की हिंदी. त्यांनी फळ्यावर भोपळ्याची दोन फुलं काढली आणि लांब देठाच्या फुलावर खडू टेकवून नाव विचारलं. मी उभी राहून सांगितलं, "वांझ फूल, सर." वर्ग हसला. सर हसले नाहीत. "वांझ? नहीं बेटा. ये नर है. याची पिवळी पूड माशीच्या अंगाला लागते, माशी त्या दुसऱ्या फुलावर बसते, तेव्हा फळ धरतं."

"माशी आलीच नाही तर, सर?"

"तर फळ गळतं. पण त्यात मादीचा काही दोष नाही."

मी खाली बसले नाही. तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं आणि घरामागे काय आहे ते विचारलं. निलगिरी, मी म्हटलं. त्याआधी? पड होती, सर. त्यांनी मला 'पडीक का?' असं विचारलं नाही. तेही शेतकऱ्याच्या घरातले. "फिर क्या," ते म्हणाले, "माशीला वर्षभर खायला घालणारी जागाच काढून टाकलीत, मग ती फक्त तुमच्या भोपळ्यासाठी येईल होय?" मग त्यांनी मला एक काम दिलं. फूल उमलल्यापासून मिटेपर्यंत वेलासमोर उभं राहायचं आणि कोण कोण येतं ते लिहायचं. रविवारी मी उभी राहिले. फुलं नऊ होती. आले तीन मुंगळे आणि एक घरमाशी. बस्स.

दुसऱ्या दिवशी आई उठायच्या आत मी वेलाकडे गेले. लांब देठाची फुलं तोडली, पाकळ्या काढल्या आणि आतला पिवळा दांडा सात फुलांना घासला. खूण म्हणून लाल दोरा बांधला. पुढच्या आठवड्यात सातांपैकी पाच भोपळे मुठीएवढे झाले होते. मी हवेत होते. सगळं सिद्ध झालं, आता वहिनी परत येणार. तेवढ्यात आईनं भोपळे पाहिले आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बगा, ती गेली नि वेल धरला!"

मी ओरडले, "आये, मी लावलाय हात! ती वांझ फुलं घासलीत मी. नर हायत ती, नर! सरांनी सांगितलं. माश्या न्हाईत म्हनून फला गलत होती, वैनीमुलं न्हाय!"

आई क्षणभर गोंधळली. मग तिचा चेहरा उजळला. "मंग बरोबर हाय. तू कुवार हायस. कुवारनीचा हात लागला."

माझी चूक मला तिथे कळली. प्रयोग बरोबर होता, हात चुकीचा होता. मग दुसऱ्याच दिवशी शाळा बुडवून मी दापोड्याला निघाले. भिवंडीपर्यंत एसटी, पुढे टांगा, पुढे पायी. वहिनीच्या भावाचं घर गावाच्या टोकाला, आणि घरामागच्या टेकाडावर खुरासणी नुकती फुलत होती. मी वाटेतच थांबले. तो आवाज. दोन सालं मी तो ऐकलेला नव्हता, आणि आपण तो विसरलो होतो हे कळून मला तिथेच रडू फुटलं. वहिनी अंगणात होती. तिच्यामागे गोठ्याच्या कौलांवर भोपळ्याचा वेल, आणि वेलावर भोपळे, मोजायची गरज नाही इतके. एका फुलात डोकावले तर माश्या एकमेकींना ढकलत होत्या.

"हा कुणी लावला?"

"मीच की. कोन लावनार?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं घरी यावं, सगळ्यांसमोर आपल्या हातानं फुलं घासावीत, म्हणजे आईला बोलायला जागा राहणार नाही, असं माझं ठरलेलं होतं. वहिनी ऐकत होती. वांझ फुलापाशी तिनं मला थांबवलं. "परत सांग. म्हंजे वांझ म्हनत्यात ते बाप्याला?" मी हो म्हटलं. ती हसायला लागली, तेच जुनं हसणं, सात घरांचं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. मग म्हणाली, "नि मी तिथं येऊन परीक्षा देऊ? कोनाफुडं? भोपल्याफुडं? न्हाय गो मंदे. म्या न्हाय येनार." तिनं वेलावरचा सगळ्यात जड भोपळा कापला, माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली. "माज्या हाताचा हाय म्हनावं. नि एक सांग, मी हात न्हाय लावला हे तुला ठावं होतं नं? मंग तवा का न्हाय बोललीस?" मी डोक्यावरचा भोपळा सावरत वाटेला लागले.

तो भोपळा मी वडप्याच्या ओटीवर आईसमोर ठेवला. "वैनीनं लावलेल्या येलाचा हाय. तिच्या हाताचा." आईनं त्याच्याकडे पाहिलं. बाबा कोपऱ्यात चटईवर बसले होते, त्यांनीही पाहिलं. मग आई म्हणाली, "दापोड्याची मातीच चांगली हाय." मी भोपळा दोन्ही हातांनी उचलला आणि उंबऱ्यावर आपटला. ओटीभर फोडी, गर, बिया. मला वाटलं आता आई मारेल. ती खाली बसली आणि एकेक बी वेचायला लागली. मोठाल्या, पांढऱ्या, भरीव बिया होत्या. त्या तिनं धुतल्या, राखेत घोळल्या, सुपात वाळत घातल्या. "बी सोन्यासारखं हाय," म्हणाली. सुनेचं बी तिला हवं होतं, सून नको होती. मार्गशीर्षात पंच बसले, काडीमोड झाली, आणि माघात दादाचं दुसरं लग्न. दोन्ही वेळा बाबा काही बोलले नाहीत.

आता त्या वरकसवर निलगिरीही नाही. गोदामं आहेत, कंटेनर उभे असतात. मला त्या गोदामांचा निलगिरीइतका राग येत नाही. ती निदान गोदामंच म्हणवतात.

त्या बियांचे वेल पुढच्या भाद्रपदात गोठ्यावर चढले, फुलले आणि पुन्हा गळायला लागले. मी तोवर भिवंडीत कॉलेजात होते. एका रविवारी घरी आले होते. नवी वहिनी शेणाची पाटी घेऊन गोठ्याकडे निघाली, तर आईनं तिला हटकलं, "तू नको जाऊ तिकडं. वेलाला हात लावू नको." सोळा-सतरा वर्षांची पोर, आठ महिने झाले होते लग्नाला. तिनं पाटी तिथेच खाली ठेवली. मग आई माझ्याकडे वळून अगदी लाडानं म्हणाली, "मंदे, तू लाव गो हात. तुजा हात लागतो त्याला."

दादा ओटीवर चहा पीत होता. मी वेलाजवळ गेले, सगळ्यात मोठं लांब देठाचं फूल तोडलं आणि आणून आईच्या हातात दिलं. "मी न्हाय लावनार. हे घे नि दादाला सांग. बाप्याचं काम हाय ते."

दादाला लूममुळे एरवी ऐकू कमी येई. हे त्याला ऐकू गेलं. कपबशी तशीच ठेवून तो उठून बाहेर गेला. आई फूल हातात घेऊन उभी राहिली. त्या साली आमच्याकडे भोपळा झाला नाही. दादाला मूल तर पुढेही कधी झालं नाही. पण त्या घरात नव्या वहिनीला तो शब्द कुणी लावला नाही, आणि आईनं फुलांनासुद्धा पुन्हा कधी वांझ म्हटलं नाही. एवढं एक वाक्य पुरेसं होतं. हिरावहिनी गाठोडं घेऊन दारात उभी होती तेव्हा मला ठाऊक होतं तेवढंही मी बोलले नव्हते.